होळीचे अठरा दिवस

तरसाली, बडोदे
८ डिसेंबर १९९६

ती. काका,

नमस्कार आधीच घालून घेते, कारण पुढे भांडायचं आहे.

आधी गोड बातमी. रसायनांच्या कारखान्याचं काम आपल्या कंपनीला मिळालं. सहा टाक्यांचे पाये आणि एक पंपघर. साइटवर पेढे वाटले. आमचे साइट मॅनेजर मोहनराव मला दोन पेढे देत म्हणाले, "पागेबाई, आता चार्टवर तुमचं नाव आलं, जरा वजन वाढवा." मुंबईहून तुमच्या ऑफिसातून अखेरचा प्लॅन कुरियरने आला. सहा फुटी गुंडाळी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात छापलेलं, 'तयार करणार: नीरा पागे'. आईने तो दिवाणखान्यात पसरला आणि शेजारच्या नलिनीबेनना बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, "सरस छे, पण आ छे शुं?" ते काय आहे हे आईलाही सांगता आलं नाही, पण तिचे डोळे भरले होते. नाव तुम्ही घातलंत हे मला ठाऊक आहे. नाहीतर सव्वीस वर्षांच्या पोरीचं नाव कोण छापतो? त्याबद्दल मनापासून आभार.

आता भांडण. प्लॅनवरची शेवटची तारीख ३१ मे आहे. मी पाठवलेल्या प्लॅनवर १८ जून होती. दोन दिवस मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. खोदकाम तेवढंच, सळ्या तेवढ्याच, काँक्रीट तेवढंच. फक्त १५ मार्च ते १ एप्रिल हे जे दिवस मी कोरे ठेवले होते, तिथे काळ्या पट्ट्या आल्यात. होळीचे अठरा दिवस कुणीतरी खाल्ले!

आमच्याकडचा खणणारा, सळ्या वाकवणारा, घमेली वाहणारा झाडून सगळा माणूस दाहोदकडचा. तो होळीला गावी जातो म्हणजे जातो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही शिकवलंत. मी नववीत असताना तुम्ही मला मकरपुऱ्याच्या एका साइटवर नेलं होतंत. काळं कुत्रं नव्हतं तिथे. तुम्ही म्हणालात, "नीरू, बडोद्याचं वर्ष साडेअकरा महिन्यांचं असतं. हे ज्याला कळलं तो प्लॅनर." त्या दिवशी मी ठरवलं की आपण हेच करायचं.

मला संशय मोहनरावांचा आहे. माझ्या प्लॅनची फ्लॉपी त्यांच्याच हाती मुंबईला गेली होती. विचारलं तर म्हणतात, "मुंबईला विचारा." म्हणून मुंबईला विचारते. कोणी केलं हे?

तुमची,
नीरा

मुलुंड, मुंबई
१७ डिसेंबर १९९६

चि. नीरू,

आशीर्वाद. तुझं पत्र उघडलं आणि काकूला म्हटलं, पंखा लाव, बडोद्याची लू आली.

अगं, टेंडर दहा हातांतून जातं. कुणी काय काढलं नि कुणी काय घातलं, याचा हिशोब ठेवायला बसलो तर काम कधी करायचं? टेंडरबरोबरचा प्लॅन म्हणजे स्थळाला दाखवायचा फोटो. संसार पुढे व्हायचा तसाच होतो. माझी बत्तीस वर्षं यात गेली. तू चार वर्षांत सगळं शिकायला निघालीस, चांगलं आहे, पण नाकाने कांदे सोलू नकोस.

मुकादमाला हाताशी धर. निम्मी माणसं थांबव. दुप्पट रोज दे, मिठाई दे, होळीला साइटवरच ढोल वाजवू दे. काहीतरी निघेल. प्लॅनरचं काम तारखा सांभाळण्याचं, साहेबांशी भांडण्याचं नाही.

आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या टप्प्याचं काम निघालं की बडोद्याला प्लॅनिंगचा प्रमुख नेमायचा आहे. मी तुझं नाव बडे साहेबांच्या कानावर घातलंय. इतक्या तरुण वयात आणि बाईमाणूस! आपल्या घरात दादांपासून सगळे गायकवाडीत ओव्हरसियर म्हणून झिजले, प्रमुख कुणी झालं नाही. तेव्हा जरा दमानं घे.

हेमचंद्रकाका

तरसाली
२ फेब्रुवारी १९९७

ती. काका,

दमानं घेऊन पाहिलं. आता ऐका.

आमचा मुकादम विश्रामभाई. साठीचा माणूस, पाचशे माणसं त्याच्या शब्दावर येतात आणि जातात. मी त्याला दुप्पट रोज सांगितला, मिठाई सांगितली, तुमचा ढोलही सांगितला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "बेन, होळीए तो मडदुंय ऊठीने घेर जाय." होळीला मढंसुद्धा उठून घरी जातं म्हणे. मला लाज वाटली हो. मी त्याला माणसं विकत मागत होते.

पण माणूस शहाणा. तोच म्हणाला की १४ मार्चपर्यंत दोन पाळ्यांत खणतो, चार पाये भरून देतो, दोन नंतर. मी रविवारी बसून नवा चार्ट केला. तरी अखेर ९ जूनला येते, पण खरी येते, काका! त्या तारखेवर मी मान ठेवते. मोहनरावांना म्हटलं, हा कारखान्याला द्या, आत्ताच सांगा, अजून वेळ आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मुंबईचा प्लॅन तो प्लॅन," म्हणाले. "मी बदलणार नाही, आणि का ते विचारू नका."

का विचारू नका? चोराच्या मनात चांदणं! स्वतः दिवस कापले, काम मिळवल्याची शाबासकी घेतली, आणि आता खापर फोडायला माझं नाव कोपऱ्यात आहेच.

तेव्हा परवा मी बडे साहेबांना पत्र पाठवलं. सरळ लिहिलं की मूळ प्लॅनमधली होळीची सुट्टी मोहनरावांनी परस्पर काढली, चौकशी व्हावी. तुमच्या तालमीत तयार झालेली मुलगी आहे मी, मूग गिळून बसणारी नाही. तुम्हाला अभिमान वाटेल म्हणून कळवते.

नीरा

मुलुंड
७ फेब्रुवारी १९९७

नीरा,

ते पत्र ताबडतोब मागे घे. आजच्या आज फॅक्स कर. 'गैरसमज झाला' एवढंच लिही, दुसरा शब्द नको.

मोहनराव सज्जन माणूस आहे. तुझ्याकडे पुरावा नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मला न विचारता हे केलंसच का? मी कारण सांगणार नाही, वडीलकीच्या नात्याने सांगतोय तेवढं ऐक.

हेमचंद्र

तरसाली
३० मार्च १९९७

काका,

मी पत्र मागे घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्हाला आजही वाटत असेल.

मोहनरावांनी माझा नवा चार्ट धरला नाही, म्हणून विश्रामभाईच्या दोन पाळ्या लागल्याच नाहीत. १५ तारखेला सकाळी मी साइटवर गेले. चार खड्डे, अर्ध्या बांधलेल्या सळ्या, काँक्रीटचा मिक्सर उघडा पडलेला. एक माणूस नाही. सव्वीस तारखेला कारखान्याची माणसं पाहणीला आली. त्यांचे मोठे इंजिनिअर फत्तेसिंहराव. त्यांनी तुमचा तो सहा फुटी प्लॅन जमिनीवर पसरला, मार्चच्या काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात आज तीनशे माणसं काम करतायत. कुठे आहेत ती?" मग कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. असं कुणी कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मेमो आला. 'स्थानिक मजूर परिस्थितीचा अंदाज न घेता सदोष नियोजन केल्याबद्दल.' प्लॅनिंगमधून मला काढलंय. मी आता नकाशांच्या झेरॉक्स मोजून फायलीत लावते. प्रमुखपदाचं नावही घेऊ नका. आई विचारते, मेमो म्हणजे काय? मी तिला सांगितलं, बढतीचा कागद.

मी तो मेमो घेऊन मोहनरावांच्या टेबलावर आपटला. सगळ्या ऑफिससमोर त्यांना खोटारडे म्हटलं. ते उठले, कपाट उघडलं, एक जुना फॅक्स काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

तुमचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं, काका. 'मोहनराव, होळीची सुट्टी काढली आहे. नीराला आत्ताच सांगू नका, ती वाद घालेल. माझ्यावर सोडा. हे. द. पागे.'

माझ्यावर सोडा!

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तुम्ही शब्द घेतला होतात म्हणून तो माणूस तीन महिने माझी बोलणी ऐकत राहिला, माझी तक्रार साहेबांकडे गेल्यावरसुद्धा. आणि तुम्ही? तुम्ही 'सज्जन माणूस आहे' लिहिलंत. वा! सज्जन कोण आणि कोण नाही हे तुम्हाला नीट माहीत होतं तर. मी सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पोरी, मला वाटलं तुझा काका सांगेल."

मी नववीत होते तेव्हापासून माझा सगळा भरवसा तुमच्यावर. मी दिवस घातले ते तुमच्यामुळे आणि पुसलेत तेही तुम्हीच. मग खाली माझं नाव कशाला ठेवलंत? तुमचं का नाही?

२२ एप्रिलला इथे कारखान्याबरोबर बैठक आहे. त्याआधी बडे साहेबांना एक ओळ लिहा. फक्त एक. 'नीराचा प्लॅन बरोबर होता, बदल मी केला.' मला नोकरीतली मेहेरबानी नको, दुसरं काही नको. प्लॅनरकडे त्याच्या तारखेशिवाय असतं काय? माझी तारीख खोटी ठरली तर या गावात मला कुणी उभं करणार नाही.

नीरा

मुलुंड
९ एप्रिल १९९७

नीरा,

पत्र चार वेळा वाचलं. काकूला दाखवलं नाही.

हो, मी काढले. आता ऐकायचंय तर सगळं ऐक. ऑक्टोबरात आमच्याकडे नवी मंडळी आली. टाय लावलेली, तिशीतली, कॉम्प्युटरच्या पिशव्या खांद्याला. पहिल्या महिन्यात माझ्या खात्यातल्या दोघांना घरी पाठवलं. दोघेही माझ्याच वयाचे. टेंडरच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, दुसरी कंपनी ३१ मे देतेय, पागे, अठरा दिवस काढा. मी म्हटलं, होळी आहे. त्यातला एक म्हणाला, "होळी तो एक दिन की होती है ना?" सगळे हसले. मीही हसलो. आणि काढले. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी काढले असते, आणि मी घरी बसलो असतो. अजून दोन वर्षं आहेत मला.

तुझं नाव ठेवलं ते तुला अडकवायला नव्हे. शपथ घेऊन सांगतो. सहा फुटी प्लॅनवर पागे घराण्यातल्या मुलीचं नाव यावं, एवढाच हव्यास. वाटलं, साइटवर काहीतरी निभेल. नेहमी निभतं. पावसाचं कारण असतं, सिमेंटचं असतं, कुणी होळी मोजत बसत नाही.

आणि तूही जरा ऐक. या लाइनीत तुला आणलं कुणी? पहिली नोकरी कुणी दिली? सगळे उपकार विसरून मला चोर म्हणतेस? पाण्यात राहून माशाशी वैर करण्याची चैन मला परवडत नाही. तुला परवडते, कारण तुझ्या पाठीशी मी आहे.

ती ओळ मी लिहीन. योग्य वेळी. २२ तारखेला मी स्वतः बैठकीला येतोय, तेव्हा बोलू. तोपर्यंत तोंड बंद ठेव.

हेमचंद्र

तरसाली
२४ एप्रिल १९९७

काका,

बोललो नाही आपण. म्हणून लिहिते.

तुम्ही माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला होतात. नवा कोट छान होता. बडे साहेब फत्तेसिंहरावांना सांगत होते की आमच्या एका अननुभवी प्लॅनरची चूक झाली, कारवाई केली आहे. 'अननुभवी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बिस्किट चहात बुडवत होतात. ते बिस्किट पार गळून कपात पडलं तरी तुम्ही खालीच बघत होतात.

मी मनात दहा मोजले. खरंच मोजले. मग उभी राहिले.

मी एवढंच म्हटलं की माझ्या प्लॅनमध्ये होळीचे अठरा दिवस होते, माझी तारीख १८ जून होती, आणि टेंडर जिंकण्यासाठी कंपनीने ते दिवस काढले. फत्तेसिंहरावांनी विचारलं, "कोणी काढले?" मी म्हटलं, "कंपनीने." तुमचं नाव जिभेच्या टोकावर होतं. गिळलं. तुमच्यासाठी नाही, काकूसाठी. शेवटच्या खुर्चीवरून मोहनराव बोलले, "मूळ चार्ट मी पाहिला आहे, बाई खरं सांगतायत." संन्यासी बोलला, काका. तुम्ही नाही बोललात.

संध्याकाळी मला राजीनामा लिहायला लावला. 'क्लायंटसमोर कंपनीची बदनामी.' मी लिहिला. मेमो मात्र परत घेतलेला नाही, तो माझ्या नावावर कायम आहे.

जाताना फाटकाशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायला आलात. मी बाजूला झाले, त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

नीरा

मुलुंड
२० ऑगस्ट १९९७

चि. नीरू,

तुझ्या आईकडून काकूला कळलं की कारखान्यानेच तुला घेतलं. ठेकेदारांचे प्लॅन तपासायचं काम. फत्तेसिंहरावांनी स्वतः बोलावून घेतलं म्हणे. आनंद झाला. बघ, शेवटी सगळं चांगलंच झालं. त्या बैठकीत मी बोललो असतो तर कदाचित झालं नसतं!

पाये जुलैत संपले असंही कळलं. जे झालं ते झालं. आता दुसऱ्या टप्प्याचं टेंडर निघतंय, आम्ही भरणार आहोत. घरचं माणूस त्या बाजूला आहे याचं समाधान वाटतं. गणपतीला येशील ना?

काका

तरसाली, बडोदे
१८ जानेवारी १९९८

काका,

गणपतीला आले नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या सोमवारी तुम्हाला माझ्या सहीचं एक पत्र कुरियरने मिळेल. इंग्रजीत, कारखान्याच्या कागदावर. ऑफिसातल्या शिपायाच्या हातून ते उघडलं जाण्याआधी तुम्हाला घरी कळावं म्हणून हे मराठीत लिहिते. एवढी माणुसकी अजून आहे माझ्यात.

दुसऱ्या टप्प्याचा तुमचा प्लॅन माझ्या टेबलावर आला. छान आहे. पट्ट्या रंगीत झाल्यात आता. यंदा होळी बारा मार्चला. तुमच्या प्लॅनमध्ये चार ते एकवीस मार्च रोज साडेतीनशे माणसं काँक्रीट ओततायत. मी वाचत गेले आणि कानशिलं तापत गेली. पुन्हा? एवढं होऊनही पुन्हा तेच?

पण वाटलं, असेल, खरंच कुणी मुंबईचं अजाण माणूस बसवलं असेल. म्हणून प्लॅनबरोबर आलेली फ्लॉपी उघडली. त्यात 'होळी' नावाचं एक कॅलेंडर आहे, काका. त्यात एकही सुट्टी नाही. कॉम्प्युटरमधले दिवस पुसले तरी कॅलेंडरचं नाव आपोआप जात नाही, ते वेगळं काढावं लागतं. नव्या मंडळींनी एवढं तुम्हाला शिकवलेलं दिसत नाही. कुणीतरी होळी लक्षात ठेवून घातली होती, आणि कुणीतरी ती रिकामी केली.

मग कोपरा पाहिला. 'तपासणार: एच. डी. पागे.' आणि त्याच्यावर, 'तयार करणार: तेजश्री निंबाळकर.'

सारखं तेच नाव डोळ्यांपुढे येतं. ही कोण? किती वर्षांची? तिच्याही आईने प्लॅन दिवाणखान्यात पसरला का? तिलाही तुम्ही साइटवर नेऊन साडेअकरा महिने सांगितलेत का? मला इतका संताप आला की मी उठून बाहेर अंगणात फेऱ्या मारल्या. माझ्याबाबतीत घाबरलात, हे मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण तुम्हाला याची सवय झाली! एक पोर संपली की दुसरी, आणि तुमची दोन वर्षं सुखरूप.

मी प्लॅन नामंजूर केला आहे. पत्रात लिहिलंय की होळीचे दिवस धरून तो पुन्हा पाठवावा, आणि ज्याने ते काढले त्याने नाव आणि हुद्दा लिहून सही करावी. त्याशिवाय तुमचं टेंडर उघडलं जाणार नाही. फत्तेसिंहरावांनीही त्यावर सही केली आहे. मी आकसाने करते असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आकस आहेच मला. पण होळीही आहे.

तुमच्या ऑफिसात फोन लावून मी तेजश्रीला लाइनवर बोलावलं. बडोद्याचीच निघाली, वाडी भागातली, मुंबईला नोकरीला आलेली, सहा महिने झालेत. मी म्हटलं, मी तपासणारी, तुझ्या प्लॅनमध्ये होळी का नाही? ती घाबरली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी घातली होती, पण सरांनी काढली. ते इतके अनुभवी आहेत, मला वाटलं माझंच चुकलं."

मी तिला सांगितलं, "तुझं चुकलेलं नाही."

दहा महिने झाले काका, हे एवढं एक वाक्य मला तुमच्याकडून हवं होतं.

नीरा